देठाकडचा तुकडा

आमचं शेत उमरेड रोडला आहे, अर्ध्या एकराचं. उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर भेंडी, गवार, ढेमसं आणि काकडी होते. काकडीचा आमच्याकडे एक नियम आहे. वेलाची पहिली काकडी तोडली की देठाकडचा तुकडा चावून पाहायचा. कडू लागला तर वेल उपटून शेताच्या कडेला धुऱ्यावर फेकायचा, मग त्याला कितीही काकड्या लागलेल्या असोत. लोक घरी टोक घासून फेस काढतात, त्याने काही होत नाही. सासू गेल्यापासून हे चावायचं काम माझं. महालच्या बाजारातली गिऱ्हाइकं माझ्याकडून न चाखता काकडी नेतात, ती त्यामुळेच.

मागच्या वर्षी होळीनंतर मला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरी काय आणि कारलं काय, सारखंच. मी कोणाला बोलले नाही. येईल परत, असं वाटलं. शिवाय ते काम मला सोडायचं नव्हतं. रोज सकाळी वेलाजवळ बसून काकड्या चावल्या आणि सगळ्या गोड म्हणून सांगितल्या. एकही वेल उपटला नाही. यंदा बी चांगलं निघालं, असं सून म्हणाली.

मग एका सकाळी बाजारात नेहमीची एक बाई आली. अर्धी काकडी माझ्या पोत्यावर ठेवून म्हणाली, "आजी, जीभ घरी ठेवून आली का वं?"

मी तिच्यासमोर काकडी चावली आणि गोड आहे म्हणाले. बाजूची कांदेवाली हसली. शेजारी बसलेल्या सुनेने माझ्या हातातली काकडी घेतली, चावली आणि मागे वळून थुंकली. मग तिनेच त्या बाईला भेंडी देऊन वाटेला लावलं. आमच्या काकड्या त्या दिवशी तशाच परत आल्या.

परत येताना ऑटोत सुनेने विचारलं, "कधीपासून?"

"होळीपासून."

"काहून नाही सांगितलं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वेलाजवळ बसवलं. ती चावायची, मी पाहायची. दोन कडू वेल उपटले. तिसऱ्याला आठ-दहा काकड्या लोंबत होत्या. तिने तुकडा चावला, गिळला आणि म्हणाली, "हा चांगला आहे, आई."

गिळताना तिच्या नाकाजवळ सुरकुती पडली होती. माझी जीभ गेली होती, डोळे नाही.

"उपट," मी म्हटलं.

"एवढा लागलेला आहे."

"मी बी हेच करून राहिली होती. उपट."

तिने उपटला. आता काकडी तीच चावते. मी समोर बसून तिचं तोंड पाहते.