अंडी घालणारी बोट

तरुणपणी मी फार हुशार होते, निदान मला तरी तसं वाटायचं. मुलांच्या खेळाच्या प्रोग्रॅममध्ये बोट पोहावी म्हणून मी तिला बदकाच्या क्लासची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदकाच्या साच्याची, मुलगी केलं; बदकाचे सगळे गुण तिला वारशाने मिळाले, आणि बोट अंडीही घालू लागली! दुपारी साहेबांना दाखवायचं होतं. मैलापूरच्या ट्रेनमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन मी रडकुंडीला आले, तेव्हा शेजारच्या मोगरा माळलेल्या बाई पदराने चष्मा पुसत डोकावल्या. तमिळमध्ये लाडाने म्हणाल्या, "कण्णा, पोहणं तेवढं वेगळं लिही आणि बदक नि बोट दोघांना दे. त्यासाठी बोटीची आई कशाला बदलतेस?" नावही न सांगता उतरल्या.

दुपारी बोट नुसतीच पोहली.

पुढे तमिळ सून आली, तिला आपल्या घराण्याची करायला मी गेलेच नाही. मी तिचं रसम उचललं, तिनं माझा आगाऊपणा.