मक्याच्या शेतात तोफबोट

इफ्रेम टॉलिव्हरचा सारा जन्म इलिनॉयहून खाली मिसिसिपीतून पीठ आणि कोंबड्या वाहण्यात गेला. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली, तसा उत्तरेच्या आरमाराला आडनद्यांचा वाटाड्या हवा झाला. इफ्रेमनं छाती ठोकली, "रानातल्या आडनदीतनं मी डोळं मिटून बोट काढीन." तो तिथून एकदाच गेला होता, आणि तेव्हा डोळे खरंच मिटलेले होते. मक्याची दारू चढली होती.

मोठ्या बोटी आत शिराव्यात म्हणून फौजेनं बांध फोडून मिसिसिपीचं पाणी रानात सोडलं. पुढं लोखंडी पत्र्याची तोफबोट, मागं पलटणीच्या आगबोटी. फांद्या धुराडी मोडत होत्या, फांद्यांवरचे साप धपाधप डेकवर पडत होते. एका वळणावर डावीकडं झाडांमधली चिंचोळा बोळ दिसला, उजवीकडं ऐसपैस उघडं पाणी. नदी म्हणजे रुंदच असणार! इफ्रेमनं सुकाणू उजवीकडं फिरवलं.

घर्र करून बोट रुतली. बोटीच्या पाणी कापणाऱ्या चाकातून मक्याची धाटं वर येऊ लागली. नदी त्या बोळातच राहिली होती. हे कुणाचं तरी शेत होतं.

कप्तान लालेलाल झाला. "शत्रूनं पेरलंय तुला! चढवा रे याला फासावर."

"हेर न्हाई वो साहेब, मी येडा हाय!"

"पुरावा?"

जन्मभर शहाणपण मिरवलेल्या माणसाला आता वेडा ठरायचं होतं, तेही दोर गळ्यात पडायच्या आत. बोटीवरचा आचारी सायलस त्याच्या गावचा. इफ्रेमनं त्याला हाक मारली, "सायल्या, सांग की लेका!"

सायलस हात पुसत खुशीत आला. "काय सांगू? लंगर न उचलता अर्धा दिस वल्ही मारलीस, त्ये?"

"त्येच!"

"का नवरी सोडून तिच्या भणीचा हात धरून पाद्र्याम्होरं हुबा ऱ्हायलास, त्ये?"

"धुकं हुतं त्या दिशी!" इफ्रेम बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"डुकराचं तर साहेब—"

"बास," कप्तान म्हणाला. "असल्याला शत्रू पगार देणार नाही. उतरवा चिखलात, बोट ओढायला."

'येड्याचं सोंग मला लईच सोपं गेलं,' असं म्हातारपणी इफ्रेम स्वतःच सांगायचा. त्या दिवशी मात्र कमरेइतक्या चिखलात तो तोंड पाडून ओढत होता.

"मान वाचली की," सायलस म्हणाला.

"वाचली रं. पर दोन गोष्टीतच पटलं त्येला. डुकरापत्तर तरी थांबायचं!"