खालाच्या डब्यावरची चिठ्ठी

"जमिलाखाला गेली," आई फोनवर म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "आपला मिरचीचा डबा तिच्याकडेच आहे गं..." मला आईचा राग आला. माणूस गेलं आणि हिला डबा आठवतो! महिन्याभरानं आता कळतं, नंदुरबारच्या आमच्या गल्लीत खालाला आठवायची दुसरी रीतच नव्हती.

खालाचं मिरची कांडायचं दुकान म्हणजे पत्र्याची खोली, कांडपाचा एक डंका आणि फळीवर ओळीनं लोकांचे डबे. नवऱ्यामागे तिनं ते एकटीनं चालवलं. एकाची मिरची झाली की उखळ ब्रशनं झाडायची, स्वतःची मूठभर मिरची त्यात कांडून बाजूला काढायची, मगच दुसऱ्याची घालायची. "तुन्ही मिरची तुन्हाच घर जावाले पाहिजे," म्हणायची.

मग समोरच सुनंदाबाईंनी नवा, मोठा डंका टाकला. मिरची, हळद, मसाला, सगळं एकाच ठिकाणी. खालाच्या फळीवरचे डबे निम्म्यावर आले. दुकान टिकतं की नाही, अशी वेळ होती. मी कॉलेजात होते, आमच्या घरात भांड्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. रागाच्या भरात मीही एक छापलं : 'जुन्या डंक्याला साथ द्या, भांडवलाला नकार द्या!' खालाला डब्यांवर नावं लिहिण्यापुरतीच अक्षरं येत; तिनं ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"लिखाण झणझणीत शे वं पोरी. पण हाई भांडवल म्हणजे कोन? सुनंदा? ती ते मन्हा घरथून साखर मांगी लई जास!"

"मग दुकान बंद करणार का?"

"कागद ठेवी जाय. मागली बाजू कोरी शे."

पुढे एका लग्नघरची मिरची सुनंदाबाईंनी हळदीमागून त्याच उखळात कांडली. तिखट पिवळट पडलं. ती माणसं तणतणत डबा घेऊन खालाकडे आली. मला वाटलं, जिंकलो! खाला तो डबा उचलून सरळ समोर गेली. मी मागोमाग.

"सुनंदा, एक उखळमा दोन्ही जमाव नई. तू हयद नि मसाला कांड, मिरची मन्हाकडे धाड. हयदनं गिऱ्हाईक मी तुन्हाकडे धाडसू."

"नि तूच नई धाडं ते, खाला?"

"मंग हाई पोरगी मन्हाच इरोधमा पत्रक काढी!"

दोघी हसल्या. मी नाही. मला ती शरणागती वाटली होती... छोट्या धंद्यांच्या सभांमधून मी आजही बोलते. कर्ज हवं, परवाना हवा, रस्त्यावर हक्काची जागा हवी, त्यासाठी भांडणारच. पण त्या गल्लीत दोन्ही डंके चालू राहिले ते एकीनं दुसरीकडे गिऱ्हाईक खरोखर धाडलं म्हणून. हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

गेल्या आठवड्यात डबा आणायला गेले. खालाचं दुकान उघडं होतं. नाकाला फडकं बांधून डंक्यावर सुनंदाबाई, शेजारी खालाची सून. समोरचं त्यांचं स्वतःचं दुकान सकाळपुरतं बंद.

"हाई शिकी जाई तवलोंग सकायमा मी आठेच बसस," सुनंदाबाई म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या, "आधी मूठभर आपली टाक. मंग दुसरानी."

आमच्या डब्यावर चिठ्ठी होती, खालाच्या जाड पेन्सिलीतली : 'मास्तरीन'. म्हणजे माझी आई. तिचं सुटलेलं टोक उचलून पाहिलं तर मागे माझंच पत्रक, अर्धं फाटलेलं : '...नकार द्या!'

तिखट आम्ही बरणीत काढलं. डबा धुताना आईनं चिठ्ठी सोडवून घेतली आणि वाळल्यावर पुन्हा चिकटवली, नाव वरच्या बाजूला ठेवून. पुढच्या मोसमात तो डबा त्याच फळीवर जायचा आहे.