चंद्रकांताबाई आणि काळ्या मॉलीची पिल्लं

पिंप्राळ्यात चंद्रकांताबाईंशी भांडून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. नवरा पुखराज गेला तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती, मनन मांडीवर होता. सुतक फिटायच्या आत दोन्ही दीर भांड्यांच्या दुकानाच्या किल्ल्या मागायला आले. बाईंनी दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शटर स्वतःच्या हातांनी वर केलं आणि गादीवर जाऊन बसल्या. त्या दिवशी चढलेला आवाज पुढे कधी उतरला नाही. दीर वारले, तरी त्यांच्या घरी बाई पाणी प्यायल्या नाहीत.

सून विधी धुळ्याची. तिलाही ऐकून घ्यायची सवय नव्हती. पहिलं वर्ष दोघी भांडल्या, दुसऱ्या वर्षी बोलणंच टाकलं. मग सगळा कारभार मननच्या डोक्यावरून चाले. "मनन, तुझ्या बायकोला सांग, दूध उतू जातंय." "मनन, मम्मीजींना सांग, मला दिसतंय." तोवर दूध गेलेलं असे.

अशात विधीने दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी आणून ठेवली. तीत काळ्या मॉली, गप्पी, चपटे एंजल असे सगळे मासे एकत्र.

"जीव कोंडायचे आणि वर जैन म्हणवून घ्यायचं," बाई मननला म्हणाल्या.

"कोंडण्याबद्दल या घरात तरी कुणी बोलू नये," विधी भिंतीकडे बघत म्हणाली.

टाकी राहिली. बाईंनी सामायिकाचं, रोजच्या ध्यानाचं, आसन टाकीकडे पाठ करून घातलं.

एका सकाळी भांडी घासायला येणारी बेबाबाई टाकीपाशी थबकली आणि ओरडली, "माय वं! बठ्ठा पिल्ला शेतस!"

बाईंनी मान वळवली. पाण्यातल्या हिरवळीच्या मुळाशी मोहरीएवढे डोळे हलत होते. अंग जेमतेम, डोळेच डोळे. एक पिल्लू हिरवळीबाहेर आलं. एंजल संथपणे वळला, तोंड उघडलं, आणि पिल्लू नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा बाई सामायिक अर्धवट सोडून उठल्या. स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणि पातेलं घेतलं, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. विधी धावत आली.

"गाळणी कशाला घातली त्यात? आणि मासे माझे आहेत!"

"खाटीकखाना मांडलायस माझ्या घरात!" बोलणं टाकल्यापासून बाई पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलल्या.

"निसर्ग आहे तो. दुकानदार म्हणालाच होता, पिल्लं झाली तर एंजलना खाऊ होतील."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मासे आणताना विचारून घेतलं होतं. मी तुमच्यासारखी नुसती ओरडत नाही."

बाईंनी सापडली तेवढी पिल्लं पातेल्यात घेतली आणि आपल्या खोलीत नेली. लोणच्याची जुनी काचेची बरणी रिकामी होती, ती घासून घेतली. नळाला नुकतंच पाणी आलं होतं. फडक्यातून गाळून त्यांनी बरणी काठोकाठ भरली आणि पिल्लं तीत सोडली. विधी दारात उभी होती. सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त पिल्लं तळाशी पडलेली होती.

बाई बराच वेळ बरणीपुढे बसल्या. मागून आवाज आला, "नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं. मासे मरतात त्याने."

"काल का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

मनन तिथेच होता. त्याने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे, आणि चपला घालून दुकानात निघून गेला.

बाई त्या दिवशी रिक्षा करून माशांच्या दुकानात गेल्या. नवीन नावाचा दुकानदार आधी त्यांना ओळखून बिचकला, मग समजावू लागला. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, मग घालायचं. खायला वाळवलेले किडे चुरून द्यायचे.

"किडे?"

"नाहीतर उकडलेल्या अंड्याचा बलक द्या, आजी."

"अंडं? माझ्या घरात?" बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. समोरचा चहावाला बघायला बाहेर आला. नवीनने घाईघाईने शेवाळाची हिरवी पावडर काढून दिली. डबीवरचा शब्द न् शब्द त्याच्याकडून वाचून घेतल्याशिवाय बाईंनी ती हातात धरली नाही.

पिल्लं जगली. मोठी होऊ लागली, तशी बरणी अपुरी पडली. दुकानातलं मोठं स्टीलचं घमेलं खोलीत आलं. मननने एकदा सुचवलं, "टाकीत मध्ये काच बसवू, दोघींचे मासे एकाच टाकीत राहतील." बाई म्हणाल्या, "त्या पाण्यात माझी पिल्लं जाणार नाहीत." विधी म्हणाली, "माझ्या टाकीत कुणाचा वाटा नको." घरात यापूर्वी दोघींचं एवढं एकमत झालं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात विधीने मननजवळ हट्ट धरला, वेगळं राहायचं. तिच्या वडिलांनी धुळ्यात मननला दुकानासाठी गाळा बघून ठेवला होता. बाईंनी मुलाला थांब म्हटलं नाही. सामान टेंपोत चढलं, टाकीही चढली. निघताना विधी बाईंच्या दारात थांबली. पाया पडली नाही.

"त्यांच्यात नर आहेत, मादी आहेत," ती घमेल्याकडे बोट दाखवून म्हणाली. "पिल्लं होतील. आणि एंजल लागणार नाही. आईच खाईल."

"जा तू," बाई म्हणाल्या.

पावसाळा सरता सरता ते घडलं. बाई पावडर घालायला वाकल्या आणि त्यांना इवले डोळे दिसले. त्यांनीच वाढवलेली काळी मादी त्या डोळ्यांमागे फिरत होती. गाळणीने बाईंनी काही वाचवली, काही हातातून निसटली. बेबाबाई म्हणाली, "र्‍हाऊ द्या अक्का, मासाच तो." बाईंनी बेबाबाईला खोलीबाहेर काढलं आणि मननला फोन लावला. फोन विधीने उचलला.

बाई म्हणाल्या, "आई खातेय. काय करायचं?"

पलीकडून उत्तर आलं, "पोट फुगलं की मादी वेगळी काढायची. पिल्लं झाली की तिला परत जुन्या भांड्यात. वर तरंगणारी हिरवळ टाका, पिल्लं लपतात."

"हे जाताना सांगता आलं नसतं?"

"हे तेव्हा विचारता आलं नसतं?"

फोन कुणी आधी ठेवला, ते दोघीही वेगवेगळं सांगतात.

आता बाईंच्या खोलीत कपाटापासून खिडकीपर्यंत घमेली मांडलेली आहेत. नवीनने मासे मागून पाहिले, शेजारच्यांनीही मागितले. बाई कुणाला एक देत नाहीत. दिवाळीला मनन एकटाच आला, जेवून संध्याकाळी परत गेला. विधीबद्दल बाईंनी विचारलं नाही. तो गेल्यावर बाईंनी भरल्या पोटाची एक मादी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात सोडली, वर हिरवळ पसरली आणि बेबाबाईला ओरडल्या की फरशीवर पाणी सांडलंय, कुणी पुसायचं?