खंडेनवमीला धुतलेली बंदूक

आमच्या ह्यांना मोडीतल्या बंदुका गोळा करायचा नाद होता. नाद म्हणजे नादच! बाकीच्या बायकांचे नवरे पत्ते कुटत, तालमीत बसत. माझा नवरा फौजेतून पेन्शन घेऊन आला आणि ऊस सोडून लोखंडाच्या मागं लागला.

मलकापूरच्या अलीकडं आमची वस्ती. घराच्या सोप्यात भिंतीला ओळीनं पाच बंदुका टांगलेल्या. सगळ्या मेलेल्या. जुन्या लढायांत वापरलेल्या, मग कवायतीला दिलेल्या आणि शेवटी नळीला भोक पाडून लिलावात काढलेल्या. माणूस राहू द्या, चिमणी उडायची नाही त्यांच्यानं. तरी प्रत्येकीचा सरकारी कागद हे लोखंडी पेटीत, माझ्या लग्नातल्या शालूवर जपून ठेवायचे. मी म्हणायची, "आवं, ह्या पाच सवती मी गप घरात घेतल्या. त्यांची कागदं तरी माझ्या शालूवरनं हालवा." हे नुसते हसायचे. कागद तिथंच.

लिलावाची बातमी द्यायचे ते सांगलीचे एक जैन व्यापारी. लोखंडाचं दुकान होतं त्यांचं. मुंगी मारायची नाही, दिवस मावळायच्या आत जेवायचं, असा माणूस. पण कुठल्या जुन्या संस्थानाच्या कोठारातनं बंदुका निघाल्या की पहिलं कार्ड ह्यांना. बंदूक मात्र दुकानाच्या पायरीवर चढू द्यायचे नाहीत, ह्यांना रस्त्यावरूनच निरोप द्यायचे. मग हे ती गोणपाटात गुंडाळून एस.टी.नं घेऊन यायचे. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय रं त्यात?" तर हे सांगायचे, "म्हातारी हाय. लय प्रवास केलाय तिनं."

नवी बंदूक दाखवायचा दिवस ठरलेला, खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातले कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ सगळं धुऊन पुसून पुजायचं. त्याच पाटावर ह्यांच्या बंदुका. फौजेतले जोडीदार यायचे, कोण वाईचा, कोण कोयनानगरचा. एकेक जण नवी बंदूक उचलायचा, गालाला लावायचा. "ही लय लाथ मारायची रं!" "गड्या, हिच्यापायी माजा खांदा म्हैनाभर सुजला हुता." चहाचं आधण ठेवून ठेवून माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण खरं सांगते, मला ते बघायला आवडायचं. एरवी गुडघे धरून बसणारी माणसं त्या दिवशी ताठ बसायची.

सगळे बोलायचे. न बोलणारा माणूस एकच, आमचे मामंजी, म्हणजे ह्यांचे वडील. तेही फौजेतलेच. ब्रह्मदेशाच्या लढाईला ते आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच पलटणीत होते. मामंजी परत आले, धाकटे आले नाहीत. घरात ठाऊक होतं ते एवढंच. पुढं काही विचारलं की मामंजी तोंडात मिठाची गुळणी धरायचे.

आणि ह्यांचा जीव त्यासाठीच तुटायचा. एकदा मी चिडून विचारलं, "काय मिळतं तुमाला ह्या भंगारातनं?" तर हे म्हणाले, "एखादी बघून आबा बोलतील गं." मग हळूहळू मनातलं बाहेर आलं. एकाहत्तरच्या लढाईला हे सीमेवर होते, तेव्हा वडिलांचं एक कार्ड आलं नव्हतं. लढाई संपून सुट्टीवर आले तर मामंजी गोठ्यात. मान वर करून "आलास व्हय" म्हणाले आणि वैरण टाकत राहिले. "मी आलो काय नि न्हाई आलो काय, त्यास्नी सारखंच," हे ह्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. दर खंडेनवमीला हे नवी बंदूक पहिली मामंजींपुढं धरायचे. मामंजी तिच्याकडं एकदा बघायचे आणि मळ्याकडं चालू लागायचे. त्या वेळचा ह्यांचा चेहरा बघवायचा नाही. मला मामंजींचा असा राग यायचा, की काय सांगू!

सहावी बंदूक आली त्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीच्या सकाळी हे झेंडू आणायला बाजारात गेले आणि मी हत्यारं धुवायला घेतली. नवी बंदूक कोयत्यांच्या ढिगाला टेकवून ठेवलेली होती. अंगावर गंज, चिकट तेल आणि कुठल्या कुठल्या कोठाराची धूळ. म्हटलं, देवाधर्माच्या दिवशी ही अशी पारोशी पाटावर कशी मांडायची? घेतली धुण्याच्या दगडावर. चिंच लावली, राख लावली आणि तांब्याचा हंडा घासावा तशी खसाखसा घासली. वरून गार पाण्याची अख्खी बादली ओतली.

"आगं आगं आगं! मारलीस की तिला!"

बघते तर मामंजी. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण "पानी दे" आणि "म्हस पिळली का" ह्यापलीकडं ते माझ्याशी बोलले नव्हते. मी पदर ओढून बाजूला झाले. ते दगडापाशी उकिडवे बसले. "गार पानी घालत्यात व्हय? गंजून जाईल की. कडत पान्यानं लगी वाळती. चुलीवर आधण हाय न्हवं? आन ते."

चहाचं आधण आणून दिलं. त्यांनी बंदुकीचा मागचा दांडा ओढून काढला आणि उकळतं पाणी नळीत ओतलं. नळीला भोक आहे हे दोघांच्याही ध्यानात नाही. चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या धोतरावर. "मुडदा बशिवला हिचा, भोक पाडलंय!" म्हणाले आणि खो खो हसले. मामंजींना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मग लाकडी दस्त्याच्या तळाशी पितळेची चकती होती ती अंगठ्यानं दाबली. आत पोकळी, पोकळीत दोरी. दोरीला तेलाची चिंधी बांधून नळीतून ओढायला लागले. हात कुठं चाचपडत नव्हते.

आणि ओढता ओढता, माझ्याकडं न बघता, बोलायला लागले.

"रोज दोन पुसायचो. माजी एक, धाकट्याची एक. त्यो आळशी. म्हनायचा, दादा, तूच वढ की." चिंधी बाहेर आली, ती त्यांनी उजेडात धरून बघितली. "त्यो गेला त्या दिशी बी दोन पुसल्या. बंदूक हरवली तर लय मोटा गुन्हा. म्हनून त्याची बी खांद्यावर टाकली नि आट दिस चाललो. तळावर दोनी जमा केल्या. सायबानं नंबर ताडून बघितलं. दोनी बराबर हाईत म्हनाला, शाबास म्हनाला."

चिंधी उलटी करून त्यांनी पुन्हा दोरीला बांधली. मग म्हणाले, "त्यो तितंच ऱ्हायला, सूनबाई. मी बंदूक आनली. त्याला आनायचं सोडून बंदूक आनली."

ज्या माणसावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात चरफडत होते, तो इतकी वर्षं हे एकट्यानं गिळून बसला होता. मला माझीच लाज वाटली आणि रडू आलं.

मागं वळून बघते तर दारात हे. हातात झेंडूची पिशवी. कधीपासून उभे होते देव जाणे. मामंजींनीही बघितलं. मला वाटलं, झालं, आता उठून मळ्याकडं निघतील. पण ते बसून राहिले.

"आबा," हे म्हणाले, "मी लढाईला हुतो तवा एक कार्ड तरी..."

"काय लिवनार?" मामंजी म्हणाले. "देवापुढं रोज एकच म्हनायचो. बंदूक टाकून पळून आला तरी चालंल. गुन्हेगार म्हनून आला तरी चालंल. पर माजा पोरगा माघारी येऊ दे. असलं लिवत्यात व्हय पल्टनीतल्या पोराला?"

हे तिथंच ओल्यात बसले आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. मामंजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हात सगळे तेलानं आणि गंजानं बरबटलेले. ह्यांचा सणाचा पांढरा सदरा पार काळा झाला, आणि मी एका शब्दानं बोलले नाही.