साइड हँडल खोक्यातच राहिलं

मुलुंडच्या त्या गृहस्थाने तक्रारीत लिहिलं होतं, "टेक्निशियन बाईंना मशीन हाताळता येत नाही." या गोष्टीला दोन वर्षं होत आली. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

मी घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. शिकवणारे सर कडक होते. हॅमर ड्रिल हातात द्यायच्या आधी ते आमच्या ओढण्या, बांगड्या, घड्याळं काढून टेबलावर ठेवायला लावायचे. साइड हँडल, म्हणजे मशीनच्या गळ्यात बसवायचा तो आडवा दांडा, घट्ट केल्याशिवाय बटण दाबलं तर दिवसभर उभं करायचे. तेव्हा मी त्यांच्यावर चिडायचे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी मुलुंडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये गेले. दार उघडलं ते चाळिशीच्या, कानात हेडफोन घातलेल्या माणसाने. त्याने माझ्या मागे जिन्याकडे बघितलं.

"बरोबर कोणी नाही का आलं?"

"मीच बसवणार आहे, सर."

"ड्रिल पण तुम्हीच मारणार?"

हो म्हटलं आणि आत गेले. असले प्रश्न रोजचेच. त्यांचा राग धरून बसले तर दिवसाला एक काम होणार नाही.

स्वयंपाकघरात त्याची म्हातारी आई भाजी निवडत होती. त्याने मला ओट्यामागच्या भिंतीवरची जागा दाखवली. नेमकी स्विचबोर्डच्या सरळ वर. बोर्डातून वायरी भिंतीतून वर जातात हे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, "सर, इथे नको. आत वायरी आहेत. वीतभर डावीकडे घेऊ."

"डावीकडे टाइल्सच्या मधोमध येत नाही. वाईट दिसेल."

"मग मेन स्विच बंद करा, मी आधी लाइन तपासून घेते."

"माझी मीटिंग चालू आहे. वायफाय जाईल. पाच मिनिटांचं तर काम आहे."

मी नाही म्हटलं. त्याने तिथूनच आमच्या सुपरवायझरला फोन लावला, आणि थोडं बोलून फोन माझ्या हातात दिला.

"अगं, करून टाक ना," सुपरवायझर म्हणाला. "कस्टमर चिडलाय यार. तू रोज काहीतरी नाटक करतेस."

"वायरीवर मारू?"

"बघून मार ना."

भिंतीच्या आतलं बघून कसं मारायचं, हे त्याला विचारेपर्यंत फोन कट झाला होता.

मी माझं सामान बॅगेत भरायला घेतलं. तो माणूस आतून स्वतःची ड्रिल मशीन घेऊन आला. नवीकोरी. साइड हँडल खोक्यातच, प्लास्टिकच्या पिशवीत तसंच. डोळ्यांवर गॉगल नाही. त्याने प्लग लावला आणि हॅमरचा, म्हणजे ठोके देण्याचा, खटका चालू ठेवूनच बिटचं टोक टाइलवर टेकवलं. टाइलवर आधी चिकटपट्टी लावायची, हॅमर बंद ठेवून हळूहळू टाइल पार करायची, मागची भिंत लागली की मग हॅमर. शिकाऊ पोरालाही हे येतं. मी म्हटलं, "सर, हॅमर बंद करा. आणि ते हँडल लावा आधी."

"तुम्ही शिकवू नका मला."

टाइलला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तो आणखी चिडला आणि अंगाचा सगळा भार देऊन रेटायला लागला. जुन्या बिल्डिंगमध्ये वायरींचे पाइप लोखंडी असतात. बिट त्या पाइपात अडकून थांबलं आणि अख्खी मशीनच त्याच्या हातात गरकन फिरली. मनगट पिळवटलं. तो ओरडला. मशीन सुटली तरी थांबेना, कारण बटण दाबलेलंच राहावं म्हणून असतो तो लॉक त्याच्याकडून लागला होता. भिंतीत अडकलेली मशीन गोल फिरत ओट्यावरचे डबे पाडत होती. मी धावत जाऊन सॉकेटचा स्विच बंद केला, प्लग खेचला.

तो खुर्चीत बसून मनगट धरून कळवळत होता. मी फ्रिजमधून बर्फ काढला, रुमालात बांधून त्याच्या हातावर धरला. त्याच्या आईला पाणी दिलं. हे सगळं मीच केलं, याचाही मला राग येतो.

"ही सांगत होती ना तुला," आई एवढंच म्हणाली.

"तू गप्प बस," तो म्हणाला.

संध्याकाळी तक्रार आली. टाइल मी फोडली, मशीन माझ्या हातून निसटली, तो धरायला गेला म्हणून त्याला लागलं. सुपरवायझरने माझं काम बंद केलं आणि माफीनामा लिहून आण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी साकीनाक्याच्या ऑफिसला गेले. त्याच्या टेबलावर कोरा कागद ठेवला.

"माफी नंतर. आधी तू लिही, 'चालू वायरीवर ड्रिल मारायला मी तिला सांगितलं होतं.' खाली सही कर."

"असं कोणी लिहून देतं का?"

"मग मी पण नाही देणार."

बाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. मी आवाज कमी केला नाही. म्हटलं, त्या कस्टमरच्या आईला फोन लाव, ती तिथेच होती. त्याने लावला नाही. "जा आता, बघतो," म्हणाला.

चार दिवस मी घरी बसले. पाचव्या दिवशी सकाळी मोबाइलवर मरोळचं काम आलं, जणू काही झालंच नव्हतं. तक्रार मात्र माझ्या रेकॉर्डला तशीच आहे. ती काढा म्हणून मी तीनदा अर्ज दिला. शेवटचा गेल्या महिन्यात. सुपरवायझर म्हणाला, "सोड ना, जुनं झालं."

मी चौथा अर्ज लिहायला घेतलाय.