मेलबर्नच्या पायरीवरचा संप

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप अखेर मेलबर्न शहरी, एका हॉटेलच्या पायरीवर, दुपारी साडेतीनच्या सुमारास मिटला. साक्षीदार पाच: मी, बायको, आई, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. पैकी शेवटचा साक्षीदार सुरुवातीला शू लागल्यामुळे जागच्या जागी नाचत होता.

आम्ही तेव्हा नोकरीसाठी ॲडलेडला राहत होतो. करी रोडच्या चाळीतून आईबाबा पहिल्यांदाच आले, म्हणून तीन दिवसांची मेलबर्नची सहल काढली. मुलांना ट्राम दाखवायची, पेंग्विन दाखवायचे. बाबांना काय दाखवायचं ते ठरत नव्हतं, कारण काहीही दाखवलं तरी ते "चांगलाय" एवढंच म्हणायचे. हॉटेल बायकोनं शोधलं. जुनी विटांची इमारत, उंच छत, मुलांना धावायला भरपूर जागा. "किती वेगळं आहे ना!" ती म्हणाली होती.

टॅक्सीतून उतरून सामानासकट आम्ही आत शिरलो. काउंटरपाशी मी माणसं मोजली. एक कमी. बाबा बाहेर पायरीखाली उभे, हाताची घडी घालून, वर बघत. सगळी वरात परत बाहेर आली.

"तुम्ही व्हा पुढे. मी इथेच बरा आहे."

मला वाटलं, काचेच्या दाराला बिचकले. "बाबा, ते आपोआप उघडतं. चावत नाही." ते हलले नाहीत. बायकोला वाटलं, हॉटेल पसंत पडलं नाही. आईनं विचारलं, "पोटात दुखता काय?" मुलीनं जाहीर केलं, "आजोबा रुसलेत." मुलगा म्हणाला, "पप्पा, येतेय!" बायको त्याला उचलून आत पळाली.

शेवटी बाबा म्हणाले, "ही गिरणी आहे."

"हॉटेल आहे, बाबा."

"छप्पर बघ."

मी बघितलं. करवतीच्या दातांसारखं छप्पर, मागे विटांची चिमणी. दाराशेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की इथे पूर्वी लोकरीचं कापड विणलं जाई. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मागावर उभं राहून जन्म काढलेल्या माणसाला पाटी लागलीही नव्हती.

"बरं, होती गिरणी. मग?"

"मग आत कसा जाऊ? संप चालू आहे."

मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. आता माझ्या कानशिलावर पांढरे केस होते.

"बाबा, तो केव्हाच संपला."

"कोणी मागे घेतला? तारीख सांग."

तारीख नव्हतीच. संप मागे घेतलाच नव्हता कोणी. लोक थकले, गावाला गेले, चिमण्या पडल्या, टॉवर उठले, पण संप संपला असं सांगायला चाळीत कोणी आलं नव्हतं. मग बाबांनी खाली बघत सांगितलं. पहाटे चोरून कामावर जाणाऱ्यांच्या घरी चाळ चहासुद्धा पीत नव्हती, त्या दिवसांत त्यांनी चाळीच्या गणपतीपुढे मनातल्या मनात शब्द दिला होता: संप मागे घेतल्याशिवाय गिरणीच्या दारात पाऊल टाकणार नाही.

आता मला आठवला तो मॉल. त्यांच्याच गिरणीच्या जागी झालेला. सुट्टीत मुंबईला गेलो की आम्ही मुलांना घेऊन जायचो आणि बाबा बाहेर फुटपाथच्या कठड्यावर बसायचे, सोबतीला आई. त्यांना सरकत्या जिन्याची भीती वाटते, हे आम्ही आमच्या आम्हीच ठरवून टाकलं होतं. जिन्यासमोर पाय उचलून घाबरणाऱ्या बाबांची नक्कल मी मित्रांना करून दाखवायचो. फार हशा यायचा.

"पण बाबा, ती गिरणी वेगळी. ही लोकरीची, परक्या देशातली."

"कामगार सगळीकडचा एकच. इथला संप मिटलाय का, तेवढं विचारून ये."

गेलो. काय करणार? काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे संप चालू आहे का? तिला वाटलं, खोली साफ झालेली नाही म्हणून टोमणा मारतोय. तिनं माफी मागून मॅनेजरला बोलावलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थानं सगळं ऐकलं, काचेतून बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, इथे कोणीही संपावर नाही.

मी बाहेर येऊन सांगितलं.

"लेखी द्या म्हणावं. तोंडी आश्वासनं पुष्कळ ऐकलीत."

मॅनेजर हसला नाही. हॉटेलच्या कागदावर त्यानं दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला आणि स्वतः पायरीपर्यंत आला. मी मराठीत मोठ्यांदा वाचून दाखवलं, "या इमारतीत कोणत्याही कामगाराचा संप चालू नाही." बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली, चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आत पाऊल टाकलं.

समोरून बायको मुलाला घेऊन येत होती. तो दुसऱ्या चड्डीत होता. आई मात्र अजून बाहेरच, कमरेवर हात ठेवून. अख्खी लॉबी वळून बघेल अशा आवाजात ती ओरडली, "अरे द्येवा! म्हणजे इतकी वर्सां त्या मॉलाभायर मी ह्यांच्यावांगडा उन्हात बसलंय, ता संपासाठी? माका वाटला, ह्येंका जिन्याचो भय!"